निर्वासितांच्या छावणीत बाळंतपणाची दखल कधी घेतली गेली?

लढाईतून पळालेल्यांसाठी छावणी उभी राहते तेव्हा पाणी, धान्य, ताडपत्री, गोवराची लस यांची धावपळ आधी होते. ती हवीच. पण त्याच गर्दीत दिवस भरलेल्या बायकाही असतात. ही उघड गोष्ट मदतकार्याच्या आराखड्यात यायला चार दशकं लागली.

१९५१च्या निर्वासितविषयक करारात प्रसूतीचा उल्लेख आहे, पण तो कलम २४मध्ये, नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षेच्या ओघात. छावणीत अडलेल्या बाईबद्दल त्यात काहीच नाही. १९८५मध्ये ॲलन रोझेनफिल्ड आणि डेबोरा मेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून विचारलं, की माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता आहे कुठे? १९८७मध्ये नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम सुरू झाली. तिचा भर देशोदेशींच्या सरकारांवर होता. आपलं सरकारच मागे सोडून आलेली बाई त्यात सहज निसटत होती.

कलाटणी मिळाली १९९४मध्ये. कैरोच्या लोकसंख्या परिषदेत निर्वासित आणि विस्थापित स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा हक्क मान्य झाला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटनांचा संयुक्त कार्यगट स्थापन झाला. संकटाच्या पहिल्या दिवसांपासून द्यायच्या किमान सेवा त्यातून ठरल्या. स्वच्छ प्रसूतीचा संच त्यातलाच: साबण, प्लॅस्टिकची चादर, नवं पातं, नाळ बांधायला दोरा. संचाचे फोटो छान येतात, म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते खरं महत्त्व चोवीस तास चालू राहणाऱ्या रेफरल सेवेला, म्हणजे अडलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पोहोचवण्याच्या सोयीला आहे. संचामुळे जंतुसंसर्ग टळतो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबत नाही. त्यासाठी औषध, रक्त आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रिया लागते, आणि तिथवर पोहोचायला रात्रीही गाडी लागते.

१९९४मध्येच सेरीन थॅडियस आणि त्याच डेबोरा मेन यांनी बाळंतिणीच्या जिवावर बेतणारे ‘तीन विलंब’ मांडले: निर्णयाला, पोहोचायला आणि उपचार मिळायला होणारा उशीर. छावणीत तिन्ही वाढतात. भाषा परकी, फाटकाबाहेर पडायला परवानगीची अट, घरातलं जाणतं माणूस ताटातुटीत हरवलेलं. २०१७मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर गाडी जाईल असे रस्तेच अपुरे होते.

आज निम्म्याहून अधिक निर्वासित छावण्यांत नाहीत, शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. तिथे दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही फी परवडत नाही, आणि कागदपत्रं नसली तर आपल्याला पकडतील या भीतीने गरोदर बाई तपासणीलाच जात नाही.