९० टक्के आणि ९० पर्सेंटाइल

राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘८८ पर्सेंटाइल? बारावीला तर ९१ टक्के होते, घसरला कसा काय?’ घसरलेलं काहीच नसतं. हे दोन आकडे एकमेकांशी ताडूनच बघता येत नाहीत.

टक्के सांगतात पेपर किती सुटला. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा: गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक-रसायनचे मिळून १०० प्रश्न एकेका गुणाचे. १२० गुण म्हणजे ६० टक्के, मग बाकीच्यांनी काहीही दिवे लावलेले असोत. पर्सेंटाइल मात्र बाकीच्यांवरच ठरतो. तुमच्या सत्रात, म्हणजे तुमच्याबरोबर तोच पेपर दिलेल्यांत, तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळालेले किती, त्याला सत्रातल्या एकूण परीक्षार्थींनी भागायचं आणि १०० नं गुणायचं. सत्रात पहिल्या आलेल्याला १०० पर्सेंटाइल, त्याचे दहा प्रश्न चुकलेले का असेनात. परीक्षा अनेक दिवस चालते, एक पेपर सोपा निघतो, एक अवघड. म्हणून हा खटाटोप. ‘इतक्या गुणांना इतके पर्सेंटाइल’ असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत.

पर्सेंटाइल १०० मधून वजा करून वाचावा. समजा, ३ लाख मुलं बसली. ९० असेल तर साधारण ३०,००० जण पुढे, ९९ ला ३,०००, ९९.५ ला १,५००. वाढ अर्ध्याची, पण पुढची रांग निम्मी! मध्यावर गुणांची दाटी असते, तिथे चार-पाच गुणांत पर्सेंटाइल बराच हलतो. ‘अजून पाचच हवे होते’ असं ऐकवणाऱ्यांनी ते पाच कुठून कुठपर्यंतचे, हे आधी बघावं.

तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल ताडून बघणं ही आणखी एक हमखास चूक. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरूनच निघतो.

टक्के मात्र बाद होत नाहीत. सीईटीतून इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गात बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४०. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था, तिथला प्रवेश जेईई या परीक्षेतून. त्यांच्या अटीत तर दोन्ही आकडे शेजारी बसलेत: बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५), किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, म्हणजे ८० पर्सेंटाइल किंवा त्याहून वर. हे ‘किंवा’ पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. ७३ टक्के आले म्हणून जेईईचा चांगला रँक सोडून देण्याआधी आपल्या बोर्डाचा, आपल्या प्रवर्गाचा त्या वर्षीचा आकडा तपासा.