तिसऱ्या कपाटात काय आहे?

आमच्या सभासदांसाठी आणि होऊ घातलेल्या सभासदांसाठी

दुकानात शिरलं की डावीकडचं पहिलं कपाट स्पर्धा परीक्षांचं, दुसरं कथा-कादंबऱ्यांचं. दुकानाचं भाडं या दोन कपाटांवर निघतं, हे लपवण्यात अर्थ नाही. कोपऱ्यातलं तिसरं सागवानी कपाट मात्र निव्वळ हौसेचं. वरच्या फळीवर फुटबॉल, मधल्या फळीवर नाटक आणि खालच्या दोन फळ्यांवर आयुष्याला अचानक वळण लागलेल्या माणसांची पुस्तकं. "हे तिन्ही एका जागी काहून ठेवलं जी?" असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. एकाला समजावून सांगेपर्यंत दुसरा ताटकळतो, म्हणून हे पत्रक.

सुरुवात जागेच्या टंचाईतून झाली. पुस्तकं मांडता मांडता मात्र एक माणूस असा सापडला की त्याला कोणत्या फळीवर ठेवावं तेच कळेना. आल्बेर काम्यू. अल्जिरियातल्या गरीब घरातला पोरगा, विद्यापीठाच्या क्लबच्या कुमार संघाचा गोलरक्षक. १७ व्या वर्षी क्षयरोग झाला आणि खेळ सुटला. पुढे त्याने अल्जिअर्समध्ये मित्रांना जमवून नाटकमंडळी काढली, स्वतः नाटकं लिहिली, बसवली. १९५७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. एवढं होऊनही माणसाच्या वागण्या-न वागण्याबद्दल आपल्याला जे काही कळलं, ते फुटबॉलने शिकवलं असं तो सांगत असे. मैदान, रंगमंच आणि आजारपणाची खाट, तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला. तेव्हापासून आम्ही फळ्या वेगळ्या करायचा नाद सोडला.

फुटबॉल बघायचा की वाचायचा?

हा प्रश्न रास्त आहे. "मॅच रात्री दीडला जागून पाहतोच न, मंग पुस्तक कशाले?" असं एका तरुण सभासदाने विचारलं होतं. आम्ही त्याला बार्बोसाची गोष्ट सांगितली.

१९५० चा विश्वचषक, रिओचं माराकाना मैदान. शेवटच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. १-१ असताना उरुग्वेचा घिज्जिया उजव्या बगलेतून घुसला. तो चेंडू मध्ये देईल असं वाटून गोलरक्षक बार्बोसा जरासा पुढे सरकला आणि घिज्जियाने जवळच्या खांबालगत चेंडू आत मारला. २-१. बार्बोसा उत्तम गोलरक्षक होता, पण २००० साली मरेपर्यंत त्याच्या देशाने त्याला तो एक गोल विसरू दिला नाही. टीव्हीवर हा गोल काही सेकंदांत संपतो. त्यानंतरची पन्नास वर्षं वाचायलाच लागतात.

मराठीत फुटबॉलवर फार लिहिलं गेलेलं नाही, म्हणून या फळीवर इंग्रजी पुस्तकं जास्त आहेत. इंग्रजी जड जात असेल तर उरुग्वेचा लेखक एदुआर्दो गालेआनो याच्यापासून सुरुवात करा. पान-दीड पानांचे तुकडे आहेत, कुठूनही उघडा. डावपेचांत रस असणाऱ्यांनी जोनाथन विल्सन घ्यावा, पण तो निवांत वाचायचा ऐवज आहे, बसस्टॉपवर उघडायचा नाही. त्यातलं एकच उदाहरण सांगतो. पूर्वी ऑफसाइड, म्हणजे चेंडू मिळताना नियमापेक्षा जास्त पुढे असणं, टाळायला आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तीन खेळाडू असावे लागत, १९२५ मध्ये ते दोनवर आले. पुढच्यांना मोकळं रान मिळालं, म्हणून मधल्या फळीतला एक माणूस मागे ओढून बचावात उभा करावा लागला. नियमातला एक आकडा बदलला आणि अख्ख्या संघाची मांडणी बदलली. ज्यांची मुलं कामठीच्या किंवा नागपूरच्या मैदानांवर सकाळी पाचला सरावाला जातात, त्या आईवडिलांनी हे प्रकरण जरूर वाचावं. पोराला "तू मागेच काहून थांबतो बे?" असं विचारायचं बंद होईल.

२०२२ मध्ये 'झुंड' सिनेमा येऊन गेल्यावर अनेकांनी त्याचं पुस्तक मागितलं. आमच्याकडे त्याऐवजी कात्रणांची एक फाइल आहे. हा सिनेमा ज्यांच्यावर बेतला, त्या हिस्लॉप कॉलेजातल्या क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतल्या मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. फाइल घरी मिळत नाही, इथे बसून वाचायला फुकट आहे.

नाटक वाचायचं कसं

या फळीवर आमचा सगळ्यात जास्त जीव आहे आणि सगळ्यात जास्त निराशाही इथेच. नाटकाचं पुस्तक परत येतं ते बहुधा पंधराव्या पानावर तिकिटाचा तुकडा ठेवून. दोष वाचकाचा नाही. कादंबरीत लेखक बोट धरून नेतो, नाटकात तुम्हाला दारात सोडून निघून जातो.

अनुभवाने सापडलेले दोन उपाय सांगतो. कंसातल्या रंगसूचना गाळू नका. 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर हा त्या घरातल्या कोणत्याही माणसाइतकाच बोलतो. तो डोळ्यांसमोर नसेल तर संवाद अर्धेच कळतात. दुसरं, मोठ्याने वाचा, आणि जमलं तर दोघा-तिघांनी मिळून. वऱ्हाडातल्या घराचं हे नाटक नागपूरच्या माणसाने मनात वाचणं म्हणजे तर्री न घालता पोहे खाणं. या कारणासाठी आम्ही गाजलेल्या नाटकांच्या तीन-तीन प्रती ठेवल्या आहेत. गटाने नेल्यास तीनही प्रतींचा हिशेब एकाच पुस्तकाचा.

हे नाटक लिहिणारे महेश एलकुंचवार आपल्याच गावचे. नाटकाकडे ते वळले त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असेल, तरी सांगतो. गेले होते सिनेमाला, तिकीट मिळालं नाही, म्हणून विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं आणि मग लिहायलाच बसले. त्या दिवशी सिनेमाची खिडकी उघडी असती तर आमची मधली फळी बरीच रिकामी राहिली असती.

झाडीपट्टीची नाटकं मागणारेही येतात. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे रात्रभर रंगणारी ही रंगभूमी. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. छापील संहिता मात्र मुश्किलीने हाती लागतात. कोणाकडे जुन्या वह्या असतील तर आम्ही इथेच झेरॉक्स काढून मूळ वही त्याच दिवशी परत देऊ.

खालच्या दोन फळ्या

इथे एक खुलासा. 'यशाची सात पावलं' छापाची पुस्तकं या कपाटात नाहीत. ती हवी असतील तर मागवून देऊ, तोंड वाकडं करणार नाही. पण नोकरी गेलेल्या, रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या किंवा घरातलं माणूस गमावलेल्या वाचकाच्या हातात आम्ही ती स्वतःहून ठेवत नाही. त्याला कोणीतरी आपला दुसरा दिवस कसा काढला, ते वाचायचं असतं.

डॉ. श्रीराम लागूंचं आत्मचरित्र 'लमाण' घ्या. कान-नाक-घशाचा चालता व्यवसाय सोडून चाळिशी उलटल्यावर ते पूर्णवेळ नट झाले. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' आलं, ते त्याच्या पुढचं. पुस्तकात टाळ्यांपेक्षा तालमी जास्त आहेत, म्हणून ते इथे आहे. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' गडचिरोलीतून आलेलं. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरला ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येतो आणि मग तो स्वतःचीच केस तपासायला घेतो. वाचून औषधं बंद करू नका, एवढी विनंती. एका काकांनी बंद केली होती.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही सगळ्यात जास्त वेळा हातात ठेवतो. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली आणि त्याने बायबल दिलं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. एवढ्या उलथापालथीची हकिकत सांगताना बाई स्वतःवर हसतात. दुःखात असलेल्या माणसाला हसवणारं पुस्तक द्यावं की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. द्यावं, असं माझं मत.

दीक्षाभूमीच्या या शहरात वळण एकट्या माणसाचंच असतं असं म्हणवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घराघरांत काय बदललं, ते सांगणारी आत्मकथनं सगळ्यात खालच्या फळीवर आहेत. नवी भर आम्ही दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून उचलून आणतो. त्या दोन दिवसांत दुकान बंद असतं, कारण आम्ही तिकडे असतो.

व्यवहाराचं

अनामत ₹५००, महिना ₹१२०, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवस. खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांना मुदत नाही. वाचून झालं की आणा. पेन्सिलीच्या खुणा चालतील, पेनाच्या नाही. तर्रीचा डाग पडला तर तसं सांगून परत करा, दंड नाही. पण न सांगता मधलं पान फाडलं तर पूर्ण किंमत. एप्रिल ते जून दुपारी एक ते पाच शटर खाली असतं. कुलर एकच आहे आणि तो पुस्तकांना सोसत नाही.