यादीतला ‘संभाव्य’ : अतिवृद्धांच्या औषधांची पार्श्वभूमी

वृद्धांच्या औषधांची चर्चा आज ज्या अमेरिकी यादीपासून (वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची ‘बीअर्स’ यादी) सुरू होते, ती मुळात घरी राहणाऱ्यांसाठी नव्हतीच. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय; तिकडे मात्र तो वृद्धांचा बहुधा अखेरपर्यंतचा मुक्काम असतो. तेथील रहिवाशांना गुंगीची औषधे देऊन गप्प ठेवले जाते, अशा तक्रारींनंतर १९८७ मध्ये अनावश्यक औषधांना मज्जाव करणारा कायदा झाला. त्यानंतर १९९१ मध्ये १३ तज्ज्ञांच्या सहमतीतून अशा रहिवाशांसाठी निकषांची यादी तयार झाली. अशी औषधे म्हातारपणी अंगात अधिक काळ टिकतात; डायझेपाम हे गुंगीचे औषध शरीरातून निम्मे उतरायला विशीत सुमारे २० तास, तर ऐंशीत सुमारे ९० तास लागतात, हे १९७५ मध्येच दिसून आले होते.

या पहिल्या यादीच्या शीर्षकात शब्द होता नुसता ‘अयोग्य’. १९९७ च्या सुधारित यादीत दोन बदल एकदमच झाले : ती ६५ वर्षांवरील सर्वांना लागू झाली आणि शीर्षकात ‘अयोग्य’च्या आधी ‘संभाव्य’ आले. ही जोडी सहज जुळली असे मला वाटत नाही. ६५ वर्षांचा रोज फिरायला जाणारा गृहस्थ आणि अंथरुणाला खिळलेली नव्वदीची आजी एकाच यादीत बसवायची, तर निकाल देण्यापेक्षा शंका उपस्थित करणेच शहाणपणाचे होते. पण पुढच्याच टप्प्यावर, १९९९ मध्ये, तेथील केंद्रीय यंत्रणेने ही यादी नर्सिंग होमच्या तपासणीच्या नियमांत घेतली आणि शंकेसाठी योजलेला शब्द तपासनिसाच्या हाती गेला. किती वृद्धांना यादीतली औषधे दिली जातात, याच्या विम्याच्या नोंदींवरून होणाऱ्या मोजणीतही तेच झाले, कारण नोंदीत औषध दिसते, रुग्ण दिसत नाही. ‘संभाव्य’ कागदावर राहिला खरा, पण आकडा मांडताना त्याचे वजन कोणी धरत नाही.

यादीपेक्षा जुने आणि माझ्या मते अधिक उपयोगी साधन म्हणजे १९७६ चे मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचे सूत्र. ८५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचा रक्तातील क्रिअॅटिनिन (स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा घटक) १.० आला, तर रिपोर्टवर सगळे ‘नॉर्मल’ दिसते. सूत्रात आकडे घातले की उत्तर मिनिटाला जेमतेम २९ मिलिलिटर येते. स्नायू झिजल्यामुळे क्रिअॅटिनिनच कमी तयार होतो, म्हणून रिपोर्ट फसवतो. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा नेहमीचा डोस अशा बाईंना जास्त होण्याची भीती असते.

२००८ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी आयर्लंडमधून आलेल्या निकषांनी थांबवायच्या औषधांबरोबर सुरू करायची राहून गेलेली औषधेही मांडली, म्हणजे न देणे हीसुद्धा चूक ठरू लागली. त्याच वर्षी ८० वर्षांवरील ३,८४५ जणांच्या चाचणीत बीपीच्या गोळीने एकूण मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र शुश्रूषेची गरज असलेल्यांना त्या चाचणीत प्रवेशच नव्हता, म्हणजे पहिली यादी ज्यांच्यासाठी होती, नेमके तेच बाहेर राहिले. उलट २०१८ मध्ये, हृदयविकार नसलेल्या वयस्करांना (बहुतेक सत्तरीवरील) रोजच्या अॅस्पिरिनने फायदा होत नाही आणि मोठा रक्तस्राव मात्र वाढतो, असे दिसून आले.

महाराष्ट्रातील घरांत ही चर्चा पोहोचते तेव्हा आधी मोजणीच अडते. पाच किंवा अधिक औषधे म्हणजे बहुऔषधता, असा प्रचलित संकेत आहे; पण टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही तिन्ही एकाच गोळीत मिळतात, आणि घरचे लोक तिला ‘बीपीची एक गोळी’ म्हणतात. त्यातल्या अॅम्लोडिपिनने पाय सुजले, तर वेगळी लघवीची गोळी सुरू होते. मग रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि झोप मोडते म्हणून अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी येते. बाथरूमच्या वाटेवर तोल गेला, की चिठ्ठीत हाडाच्या डॉक्टरांची भर पडते. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर सर्रास दिले जाणारे ग्लिमेपिराइड २०१९ मध्ये अमेरिकी यादीत आले. आपल्याकडच्या पुष्कळ डब्यांत ते अजूनही सकाळच्या कप्प्यात असते.