निवासी डॉक्टरांमधील मानसिक ताण

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच रुग्णालयात पूर्णवेळ सेवा देणाऱ्या डॉक्टरांमधील चिंता, नैराश्य, निद्रानाश आणि व्यावसायिक थकवा ('बर्नआउट') यांचा एकत्रित विचार या नोंदीत केला आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट' हा रोग न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था मानला आहे. त्यामुळे त्याचे कारण डॉक्टरच्या स्वभावात नव्हे, तर त्याच्या ड्यूटीत शोधणे योग्य ठरते.

महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका रुग्णालयांत या ताणाचा मोठा भाग पहिल्या वर्षाच्या, म्हणजे 'जेआर-वन'च्या वाट्याला येतो. रक्ताचे नमुने घेणे, रिपोर्टच्या मागे लागणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे आणि वॉर्डबॉय न मिळाल्यास ट्रॉलीही ढकलणे हे त्याचेच काम. रात्रभर ऑन-कॉल राहिल्यावर सकाळचा राउंडही चुकत नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत कनिष्ठ निवासींचे काम साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये कमाल ७४ तासांची शिफारस केली, यावरून मूळ मर्यादा किती कागदावरच राहिली ते दिसते. याच गटाच्या ऑनलाइन पाहणीत सहभागी पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नोंदवले. सहभाग ऐच्छिक असल्याने हा आकडा सरसकट सर्वांना लावता येत नाही.

रुग्ण दगावल्याचे नातेवाइकांना सांगण्याची वेळही बहुधा वॉर्डात हजर असलेल्या कनिष्ठावरच येते आणि संतापाचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. असे हल्ले २०१० च्या राज्य कायद्याने अजामीनपात्र गुन्हा ठरवले, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांना सामूहिक रजेवर जावे लागले.

उपचार हाताशी असूनही ते घेतले जात नाहीत, ही यातील खरी विसंगती आहे. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढायचा, तर समोर होस्टेलचा सोबती किंवा ओळखीचे प्राध्यापक बसलेले असतात. शिक्षण मध्येच सोडावे म्हटले, तर जागा सोडल्याबद्दलच्या बाँडची मोठी रक्कम भरावी लागते. वाढता मानसिक ताण लक्षात घेऊन आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना ही बाँडपद्धत रद्द करण्याची सूचना केली.