रक्तदान शिबिर

रक्तपेढीचे पथक स्थानिक संस्थेच्या जागेत येऊन ऐच्छिक दात्यांकडून रक्त गोळा करते, तो कार्यक्रम. महाराष्ट्रात यजमान बहुधा गणेशोत्सव मंडळ, रोटरी किंवा लायन्स क्लब, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक, तालीम किंवा गृहनिर्माण संस्था असते. तपासणी, सुई आणि पिशवी ही रक्तपेढीची जबाबदारी. माणसे जमवणे, जागा, पाणी, खाणे आणि शिबिरानंतरची नोंदवही हे यजमानांचे काम. शिबिर फसते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली. त्यानंतर उरले दोनच मार्ग : ऐच्छिक दाता किंवा रुग्णाच्या नातेवाइकांनी आणलेला ‘बदली’ दाता. दुसऱ्या मार्गाचा भार परगावाहून आलेल्या, शहरात ओळख नसलेल्या कुटुंबावर पडतो. मंडळाच्या शिबिरातली प्रत्येक पिशवी अशा एखाद्या कुटुंबाची धावपळ वाचवते.

नियमांनुसार ६ ते ८ खाटांना एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका आणि तीन तंत्रज्ञ लागतात. एवढे पथक ५० ते ७० दात्यांचे काम सुमारे तीन तासांत, १०० ते १२० दात्यांचे पाच तासांत उरकते. म्हणून दाते किती येतील याचा खरा आकडा रक्तपेढीला आधी कळवावा लागतो. फुगवून सांगितला तर पथक रिकामे बसते. कमी सांगितला तर अकरा वाजता रांग लागते आणि कामावर जाणारे निघून जातात. नावे घेताना प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ दिली की ही कोंडी फुटते. जागेला हात धुण्याची सोय, अखंड वीज आणि वारा हवा. पत्र्याच्या छताखाली दुपारी शिबिर घेऊ नये.

दात्याचे वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम आणि वजन किमान ४५ किलो हवे. ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ४५० मिलिलिटरसाठी वजन ५५ किलोपेक्षा जास्त लागते. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे, स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. हिमोग्लोबिन अनेक ठिकाणी मोरचुदाच्या द्रावणात थेंब सोडून पाहतात : थेंब १५ सेकंदांत बुडाला तर पुरेसे. स्त्रियांना परत पाठवण्याचे सर्वांत मोठे कारण कमी हिमोग्लोबिन हेच असते.

प्रत्यक्ष रक्त घ्यायला पाच ते आठ मिनिटे लागतात. चक्कर येते ती रक्त कमी झाल्याने क्वचितच. उपाशीपोटी येणे, कमी पाणी पिणे, भीती, आणि लगेच उठून उभे राहणे ही नेहमीची कारणे. ‘रक्त देण्याआधी काही खाऊ नये’ हा समज अजून घट्ट आहे. तो निमंत्रणातच खोडून काढावा. चहा-बिस्किटांचे टेबल खाटांपासून चार पावलांवर ठेवावे आणि तिथे दहा मिनिटे बसवून ठेवणारा एक ठाम कार्यकर्ता नेमावा. दाता कोसळतो तो पुष्कळदा खाटेवर नव्हे, तर जिन्यात किंवा मोटारसायकलपाशी. घेरी आल्यास त्याला आडवे करून पाय उंच करावेत. भोवती गर्दी जमू देऊ नये.

प्रश्नावलीची जागा आडोशाला हवी. लैंगिक संबंध, कावीळ, व्यसन यांविषयीचे प्रश्न शेजाऱ्यांच्या देखत विचारले तर खोटी उत्तरे मिळतात. रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, पण संसर्गानंतरचे पहिले काही दिवस ते आठवडे हे आजार चाचणीला सापडत नाहीत. त्या काळात रुग्णाला वाचवतो तो दात्याचा प्रामाणिकपणा. हेल्मेट, मिक्सर अशी आमिषे दाखवून शिबिर घेणे याच कारणासाठी गैर आहे : वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो. कोणाला का परत पाठवले, हे आयोजकांनी विचारू नये.

लाल पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) अवघे पाच दिवस. त्यामुळे नेत्याच्या वाढदिवशी एका दिवसात शेकडो पिशव्या गोळा करणे हा दिखाऊ आणि अनेकदा वाया जाणारा प्रकार आहे. खरा तुटवडा एप्रिल-मेमध्ये पडतो, कारण महाविद्यालये बंद असतात आणि लोक गावी जातात. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटची मागणी वाढते. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना सुट्टीचा हंगाम नसतो. वर्षाला एक दोनशे पिशव्यांचे शिबिर घेण्यापेक्षा पन्नास पिशव्यांची चार शिबिरे घ्यावीत, त्यांतले एक मेच्या मध्याला, सकाळी सात ते अकरा. मंडळाला फोटो लहान मिळतो, पेढीला रक्त वेळेवर मिळते. प्लेटलेट वेगळ्या करायच्या असल्यास रक्त सुमारे सहा तासांत पेढीत पोहोचावे लागते, म्हणून दूरच्या गावात वाहनाची वेळ आधी ठरवावी.

‘आम्ही फुकट देतो, पेढी विकते’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक शिबिरात निघते. पेढी घेते ते पिशवी, चाचण्या, साठवण आणि मनुष्यबळ यांचे प्रक्रिया शुल्क. त्याची कमाल मर्यादा सरकार ठरवते. हे पेढीच्या समाजसेवा अधिकाऱ्याने नोंदणीच्या टेबलाशीच समजावून सांगावे. गरज पडल्यास दात्याला रक्त मिळेलच अशी हमी मात्र कार्यकर्त्यांनी परस्पर देऊ नये.

नोंदवहीत दात्याचा रक्तगट, फोन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख असावी. ओ निगेटिव्हसारख्या दुर्मिळ गटांचे दाते शिबिराच्या आकड्यासाठी न वापरता गरजेसाठी राखून ठेवावेत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या तपासणीत ओ सारखा दिसतो, पण त्या रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. असा एखादा दाता सापडला तर त्याच्या संमतीने पेढीच्या यादीत नाव जावे. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेलेल्यांचीही वेगळी यादी ठेवावी, डॉक्टरांकडे पाठवावे आणि तीन-चार महिन्यांनी फोन करून पुन्हा बोलवावे.