आहुपे: देवाचे रान, सरकारचे रान

घोडेगावहून निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसे घालत पश्चिमेकडे चढतो आणि आहुप्याला संपतो. पुढे कडा. कड्याखाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. घोड नदी इथल्याच रानात उगम पावते, डिंभ्याला अडते आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांतून खालच्या उसापर्यंत जाते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले हे गाव भीमाशंकर अभयारण्याच्या उत्तर टोकाला आहे. त्यामुळे त्याचा उल्लेख सहसा पावसाळी पर्यटनाच्या निमित्ताने होतो आणि बोलणे धुके, धबधबे, रात्री चमकणारी बुरशी यांवर येऊन थांबते. हे जंगल अजून उभे का आहे, हे समजायला मात्र बरेच मागे जावे लागते.

या पट्ट्यात वस्ती मुख्यतः महादेव कोळी या आदिवासी जमातीची. भात, नाचणी, वरई ही पिके. पेरणीआधी झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, आणि त्या राखेत रोपे टाकायची. डोंगरउताराच्या धुपणाऱ्या जमिनीवर ही पद्धत शहाणपणाची होती. पण 1878चा वनकायदा आला, सरकारी वनांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि राबासाठी फांदी तोडणारा शेतकरी कायद्याच्या नजरेत चोर ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत यावरून इतका असंतोष माजला, की मुंबई सरकारला 1880च्या दशकात चौकशीसाठी खास आयोग नेमावा लागला. घाटमाथ्यावरचे दुखणेही वेगळे नव्हते. वनखात्याच्या आधी सावकार होताच. सावकारांविरुद्ध उठलेले महादेव कोळी बंडखोर राघोजी भांगरे यांना 1848मध्ये ठाण्यात फाशी झाली, तरी धग विझली नाही. 1870च्या दशकात याच तालुक्यातल्या जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड पुकारले आणि 1876मध्ये ते पकडले गेले. जंगल आणि कर्ज हे दोन विषय इथे कधी सुटे नव्हते.

सरकारी हद्दीच्या खुणा येण्याआधी इथे दुसरी एक हद्द होती, देवाची. आहुप्याच्या भैरवनाथाची देवराई हे त्याचे ठळक उदाहरण. देवराईतले झाड तोडायचे नाही. हा नियम लिहिलेला नव्हता आणि त्याला पहारेकरीही नव्हता, पण तो पाळला जाई. म्हणूनच मांडीएवढ्या जाड खोडाचे वेल, हातभर लांब शेंगांची गारंबी आणि जुनी सदाहरित झाडे अशा रायांमध्ये टिकून राहिली. 1970च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे नागर वाचकाला कळले, की अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकलेल्या या प्रथेने वनस्पतींचा केवढा ठेवा सांभाळला आहे. देवराईचे अति गोडवे गाऊ नयेत, हेही खरे. सगळा डोंगर देवाचा कधीच नव्हता. राई सोडून उरलेल्या रानावर कुऱ्हाड चालतच होती.

त्या उरलेल्या रानातले हिरड्याचे झाड मात्र दुसऱ्या कारणाने वाचले. हिरड्यातून पैसा येतो. कातडे कमावण्यासाठी लागणारा हिरडा ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातून मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असे, औषधी मागणी तर त्याहून जुनी. फळातली बाठ टणक होण्याआधी झोडून वाळवलेल्या बाळहिरड्याला भाव जास्त. उन्हाळ्यात अख्खे घर या कामाला लागते आणि भाताच्या पुढच्या हंगामाचे बियाणे, औषधपाणी, लग्नकार्य त्यावर निघते. भाव ठरवणारा मात्र बहुतेक वेळा व्यापारीच. तो पाश सोडवण्यासाठी 1972मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे एकाधिकार खरेदी, म्हणजे माल फक्त महामंडळानेच घेण्याची पद्धत, सुरू झाली. खरेदी केंद्र वेळेवर न उघडण्याच्या तक्रारी आंबेगाव-जुन्नरला नव्या नाहीत. तरीही दरसाल पैसे देणारे झाड कोणी सरपणाला तोडत नाही. माझ्या मते इथल्या संवर्धनाचा खरा आर्थिक पाया हा आहे, आणि अभयारण्याच्या माहितीफलकांवर त्याला शेकरू या मोठ्या खारीच्या मानाने फारच कमी जागा मिळते.

शेकरूचे महत्त्व मात्र निर्विवाद. ही खार जमिनीवर क्वचित उतरते, तिला माथ्यांना माथे भिडलेली झाडे लागतात. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे भीमाशंकरचे दाट जंगल तिच्यासाठीच 1985मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेले. रेषा नकाशावर ओढली गेली, गावे होती तिथेच राहिली. मग 2000मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली झाडे, गवत वगैरे काहीही बाहेर नेण्यास मनाई केली, तेव्हा गौण वनोपज, म्हणजे हिरड्यासारखा लाकडाव्यतिरिक्तचा रानमाल, गोळा करण्यालाच कायद्याची अडचण झाली. वनहक्क कायदा 2006मध्ये आला. गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनहक्क त्याने मान्य केले, तेही अभयारण्याच्या आत. म्हणजे आजोबा ज्या कामासाठी दंड भरत, ते नातवाच्या हक्कात आले. कागदावर तरी.

30 जुलै 2014च्या सकाळी याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पडकईवर बोट ठेवले गेले. पडकई म्हणजे उन्हाळ्यात गावाने मिळून, एकमेकांच्या शेतावर राबून उतारावर भातखाचरे काढण्याची जुनी रीत. सरकारी योजनेतून तिच्यात यंत्रे शिरली आणि हाताने होणारे काम जेसीबीने होऊ लागले. दरड त्यामुळेच कोसळली, की आधीच्या अतिवृष्टीने, यावर मतभेद आहेत. पावसाचा वाटा सगळेच मान्य करतात. पण दोष थेट आदिवासींच्या शेतीपद्धतीवर ढकलणे हा घाईचा निवाडा होता. कुदळीने उतार ओळखत खाचर काढणे वेगळे आणि यंत्राने उतार कापणे वेगळे.

पश्चिम घाटातली 39 ठिकाणे 2012मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. भीमाशंकर त्यांत नाही. जून 2020मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याच्या झाडांची मोठी पडझड केली आणि अनेक घरांचा वर्षाचा पैसा गेला. त्याच्या भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना पुढची काही वर्षे आंदोलने करावी लागली.