युद्धखेळातील स्थितिदर्शक खुणा

सैनिकांच्या छोट्या प्रतिमा टेबलावर मांडून, टेपने अंतर मोजून आणि फासे टाकून जी लढाई खेळली जाते तिला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. या खेळात तुकडीच्या बेसवर (प्रतिमा ज्यावर चिकटवतात त्या चपट्या बैठकीवर) किंवा बेसला खेटून ठेवलेली, तुकडीची त्या घटकेची अवस्था सांगणारी वस्तू म्हणजे स्थितिदर्शक खूण. खेळणारे तिला सरळ मार्कर किंवा टोकन म्हणतात. प्रतिमा एकदा रंगवली की तिचा आविर्भाव कायमचा ठरतो. संगीन रोखून धावणारा शिपाई पळ काढतानाही संगीन रोखूनच धावत असतो. तो दमलाय, बिथरलाय की त्याची बंदूक रिकामी आहे, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, म्हणून शेजारी काहीतरी ठेवावे लागते.

खुणेने सांगायच्या गोष्टी ढोबळमानाने तीन. एक नुकसान: तुकडीचे किती बळ गेले. हा आकडा बहुतेक खेळांत वाढतच जातो. दुसरी तात्पुरती अवस्था: दबलेली, डळमळीत, विस्कळीत, थकलेली. तुकडी सावरली की ही खूण उचलायची. तिसरी नुसती हजेरी: या डावात हिची चाल झाली की राहिली. तिन्हींसाठी एकच वस्तू वापरली की चौथ्या डावात भांडण ठरलेले.

या खुणांचा वंश जुना आहे. प्रशियाचा लष्करी अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ (धाकटा) याने १८२४ मध्ये ‘क्रीग्सश्पील’ या खेळाचे नियम छापले, तेव्हा नकाशावर लाल आणि निळ्या ठोकळ्यांच्या फौजा होत्या आणि नुकसानीचा हिशेब पंच कागदावर ठेवत असे. खेळाडूला आपल्या पलटणीचे नेमके किती बळ उरले हे कळू नये, हा त्यामागचा हेतू होता. खऱ्या सेनापतीला तरी ते कुठे कळते! एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटिल वॉर्स’मध्ये उलटा मार्ग धरला. स्प्रिंगच्या तोफेने खेळण्यातल्या शिपायांवर नेम धरायचा, आडवा झाला तो मेला. पडलेला शिपाई हीच खूण, वेगळे काही ठेवायला नको. पुढच्या शतकभरात निघालेले बहुतेक नियम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात. १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने निघालेल्या ‘बॅटलटेक’मध्ये प्रत्येक यंत्रयोद्ध्याचा स्वतंत्र कागद असतो आणि चिलखताला मार बसेल तशी त्यावरची वर्तुळे पेन्सिलीने भरत जायची. ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ (१९९०) या प्राचीन युद्धांच्या खेळात फौज बारा घटकांची असते, हरलेला घटक मागे सरतो किंवा अख्खाच उचलला जातो, त्यामुळे टेबलावर खूण जवळपास लागतच नाही. ‘बोल्ट ॲक्शन’ (२०१२) मात्र खुणेवरच उभा आहे. गोळीबार झालेल्या तुकडीवर ‘पिन’ मार्कर चढत जातात, प्रत्येक पिनमागे तिचा नेम आणि हुकूम पाळण्याची तयारी एकेकाने घसरते, आणि पिनांची संख्या तुकडीच्या मनोबलाच्या आकड्याइतकी झाली की तुकडी मोडते. म्हणजे एकही माणूस न मरता तुकडी हातची जाऊ शकते. अशा खेळात मार्कर दिसला नाही, तर खेळच दिसला नाही.

असईच्या तोफा

खूण कशाची ठेवायची, हे ठरवताना मराठवाड्यातल्या खेळाडूला लांब जावे लागत नाही. उदगीर (१७६०, आजचा लातूर जिल्हा), राक्षसभुवन (१७६३, बीड जिल्हा) आणि असई (१८०३, जालना जिल्हा) ही तिन्ही रणांगणे याच मुलखात आहेत. त्यातली असई मार्करच्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारी.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजेवर चालून गेली. शिंद्यांची कवायती पलटणे आणि शंभराच्या आसपास तोफा ही मराठ्यांची खरी ताकद. वेलस्लीच्या पायदळाने मार खात खात तोफांची रांग गाठली, गोलंदाजांना संगिनींनी कापले आणि ते पुढे सरकले. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज मग उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजी रांगेच्या पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. (गोलंदाज म्हटल्यावर आज चेंडू आठवतो. त्या काळी तो तोफेचा गोळा टाकणारा.) दिवसअखेर त्याच्याकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणूस गेले होते.

आता हे टेबलावर कसे दाखवायचे? पहिल्यांदा असई मांडली तेव्हा प्रस्तुत लेखकाने तोफेला दोनच अवस्था दिल्या होत्या: चालू आणि गेली. गेलेली तोफ उचलून डब्यात. लढाई तासाभरात आटोपली आणि इंग्रज फारच स्वस्तात जिंकले. चूक फाशांची नव्हती. ‘गप्प’ ही तिसरी अवस्था द्यायची राहून गेली होती: तोफ जागेवर आहे, भोवती कोणी उभे नाही, पण शत्रू सहा इंचांपलीकडे गेला की फासा टाकून ती पुन्हा बोलू शकते. दुसऱ्या खेळात तोफेच्या चाकाशी गोलंदाजाची आडवी प्रतिमा ठेवून ही अवस्था दाखवली. समोर खेळणारा धाकटा चुलतभाऊ दर डावाला विचारायचा, ‘दादा, ही गप हाय का गेली?’ प्रश्न रास्त होता, कारण आडवी प्रतिमा पाहून कोणालाही मेलेलाच माणूस वाटतो. तिसऱ्या खेळात आडवी प्रतिमा गेली आणि तिथे कवडी आली.

कवडी, चिंचोका, गुंज

कवडीला दोन बाजू आहेत आणि त्या लांबून ओळखता येतात. उताणी कवडी दातेरी फट दाखवते, पालथी गुळगुळीत पाठ. अष्टाचंगा खेळलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही. त्यामुळे दोन अवस्थांमध्ये ये-जा करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कवडी चपखल बसते. उताणी म्हणजे हुकूम शिल्लक, पालथी म्हणजे चाल झाली. डाव संपला की सगळ्या पुन्हा उताण्या. गप्प तोफेजवळ पालथी, बोलती झाली की उताणी. कवड्या तुळजापूरच्या दुकानांत सुट्या मिळतात. देवघरातली किंवा परडीतली कवडी मात्र खेळायला उचलू नये. एकदा आज्जीने बघितले की मार्करसकट खेळही बंद होतो.

फोडलेल्या चिंचोक्यालाही अशाच दोन बाजू असतात, एक तपकिरी आणि एक पांढरी, आणि त्याला पैसा लागत नाही. खोट एकच: रंगवलेल्या मैदानावर त्याची तपकिरी बाजू मातीत मिसळून जाते. गुंज दिसायला सर्वांत देखणी. लाल अंग आणि काळा ठिपका टेबलाच्या पलीकडच्या टोकावरूनही दिसतो, आणि दोन-तीन गुंजा मिळून दबलेल्या तुकडीच्या पायाशी रक्ताच्या थेंबांसारख्या पडतात. पण गुंज विषारी आहे. दाणा चावला गेला तर जिवावर बेतू शकते, म्हणून घरात लहान मूल असेल तर तिचा विचारच करू नये. शिवणकामाचे लाल मणी तेच काम करतात.

बाजारी मार्कर या सगळ्यापेक्षा नीटस असतात: लेझरने कापलेले ॲक्रिलिकचे बाण, छापील पुठ्ठ्याच्या चकत्या, बारीक आकडे फिरवता येणाऱ्या तबकड्या. दहा डाव झाल्यावरही ते तसेच राहतात हा त्यांचा गुण. पण ठोक पाकिटात लागणारे चार आणि न लागणारे चाळीस येतात. थंड पेयाच्या बाटलीच्या मानेला झाकण उघडल्यावर राहणारे प्लॅस्टिकचे कडे २५ मिमीच्या गोल बेसभोवती सैलसर बसते. एका बाजूने कापून बेसवर टाकले की प्रतिमा हलवताना तेही सोबत सरकते. जखमी सरदारासाठी याहून चांगली वस्तू विकत मिळत नाही, असे लेखकाचे मत आहे.

फासा मात्र मार्कर म्हणून सर्वांत सोयीचा आणि सर्वांत घातकी. सहापर्यंतचा आकडा आयता दाखवतो, सगळ्यांच्या डब्यात असतो, आणि म्हणूनच कोणीतरी तो उचलून टाकतो. मग पलटणीला तीन जखमा होत्या की चार, याचा साक्षीदार उरत नाही. फासाच वापरायचा असेल तर टाकायच्या फाशांहून लहान आणि वेगळ्या रंगाचा घ्यावा, आणि तो बेसवर केलेल्या खोबणीत बसवावा.

कापूस आणि पंखा

बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळातल्या लढायांत गोळीबार झालेल्या तुकडीपुढे कापसाचा पुंजका ठेवायची पद्धत जगभर आहे. बंदूक रिकामी झाल्याची ती खूण, आणि टेबलाला शोभाही. मराठवाड्यात कापूस शोधावा लागत नाही. मेडिकलमधला धुतलेला कापूस फारच पांढरा असतो. वेचणीचा, सरकी काढलेला, किंचित मळकट कापूस धुरासारखा जास्त दिसतो. पण एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांत पंखा बंद ठेवून लढाई खेळणारा सेनापती अजून जन्मायचा आहे. पंखा पाचवर गेला की असईचा धूर थेट सोफ्याखाली. कागदी चिठ्ठ्यांची तीच गत. उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: लोखंडी वायसर. त्यावर फेविकॉलने कापूस डकवला की पुंजका हलत नाही, आणि वायसरची कड धरून तो उचलताही येतो. पुठ्ठ्याची चकतीही वायसरवर चिकटवावी. वजन हा मार्करचा गुण आहे, हे थंड देशांतल्या नियमपुस्तकांत सहसा लिहिलेले नसते.

अक्षर आणि रंग

चकतीवर शब्द लिहायचे तर मराठीत एक खास अडचण येते. ‘दबली’ आणि ‘दमली’ यांत एकाच अक्षराचा फरक, आणि घाईघाईत मार्करपेनने लिहिलेले ब आणि म हातभर अंतरावरून सारखेच दिसतात. एकच आद्याक्षर लिहिले तर दोन्हींचे ‘द’. म्हणून ‘दमली’ काढून ‘थकली’ घ्यावे. ‘डळमळीत’ लांब पडते, ‘डळ’ पुरते. ‘मोडली’साठी शब्दच नको, तुकडी पाठमोरी फिरवून ठेवली की झाले.

रंगांवर भिस्त ठेवताना लाल आणि हिरवा या जोडीपासून दूर राहावे. या दोन रंगांत गल्लत होणारे पुरुष संख्येने बरेच असतात आणि अनेकांना स्वतःलाच ते माहीत नसते. लाल-निळा किंवा पिवळा-काळा चालतो. शिवाय आकारही बदलावा: दबलेलीला मणी, थकलेलीला कडे, चाल झालेलीला कवडी. बॅटरीवरच्या पिवळट दिव्यात खेळताना याची किंमत कळते. वीज गेली म्हणून लढाई थांबत नसते.

किती ठेवाव्या

नियमांनी सांगितलेली प्रत्येक अवस्था दाखवायची म्हटली तर टेबल बाजाराच्या दिवसासारखे दिसू लागते. जी अवस्था एखाद्या खेळाडूचा पुढचा निर्णय बदलते तिलाच खूण द्यावी. असईत ७४ वी हायलँडर पलटण गावाच्या अंगाला वाहवत गेली आणि घोडदळासमोर चौकोन करून उभी राहिली. चौकोनाला मार्कर नको, प्रतिमाच चौकोनात मांडायच्या. नुकसानही शक्य तिथे प्रतिमा उचलूनच दाखवावे. सहा मिमी उंचीच्या प्रतिमांत मात्र एका बेसवर वीस-पंचवीस शिपाई चिकटवलेले असतात, त्यातला एक काढता येत नाही. तिथे बेसच्या मागच्या कडेला बारीक आकडा किंवा मणी ठेवण्याला पर्याय नाही. मागच्या कडेला, कारण पुढची कड शत्रूला भिडते आणि तिथली खूण पहिल्याच धडकेत खाली पडते.

लपवलेल्या अवस्थांची तऱ्हा वेगळी. पंच मिळाला तर राइसविट्झप्रमाणे हिशेब त्याच्या वहीत. नाही मिळाला तर चकती पालथी ठेवायची आणि मारा झाल्यावर उलटायची. गप्प तोफांसाठी हीच रीत शेवटी टिकली: पालथ्या चकतीखाली ‘मेली’ किंवा ‘सोंग’, आणि चकती कोणती हे शिंद्यांच्या बाजूने खेळणाऱ्यालाही ठाऊक नाही.

खेळ संपल्यावर खुणा मोजून डब्यात भराव्या. चिंचोक्यांना भुंगा लागतो. ते भरण्याआधी तव्यावर भाजून घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा डबा उघडून बघावा.